एक आडनाव, दोन सनदा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एम. ए.च्या वर्गात मर्ढेकरांच्या निमित्ताने महायुद्ध आणि कविता हा विषय चालू होता. पहिल्या महायुद्धातील इंग्रजी कवींची ओळख करून द्यावी म्हणून फळ्यावर सीगफ्रीड ससून हे नाव लिहिले आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे आपल्या ससून हॉस्पिटलवाले का?" वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी 'हो, त्याच घराण्यातले' असे सांगितले आणि अध्यापकाच्या सवयीने वर पुस्ती जोडली : या कवीचा चुलतचुलत भाऊ सर फिलिप ससून हा इंग्लंडमध्ये मंत्री होता आणि त्याचे वडील सर एडवर्ड ससून हे मुंबईचे दुसरे बॅरोनेट. घरी आल्यावर संदर्भग्रंथ उघडला, तेव्हा वाक्याचा उत्तरार्ध साफ चुकीचा असल्याचे ध्यानात आले. मुंबईचे दुसरे बॅरोनेट सर एडवर्ड ससून ही व्यक्ती निराळी; फिलिपचे वडील सर एडवर्ड ससून निराळे. दोघे सख्खे चुलत भाऊ. दोघांचे नाव एक, आडनाव एक, दोघेही 'सर', आणि कहर म्हणजे दोघेही आपापल्या किताबाचे 'दुसरे' धारक. फक्त किताब वेगळे होते.

ही चूक माझ्या आळसाच्या खाती टाकून मोकळे होता आले असते. पण विचार करता असे वाटले की तिच्या मुळाशी एक समजूत आहे आणि ती आपल्यापैकी अनेकांची असावी. घराण्याला मिळालेला वंशपरंपरागत किताब हा घराण्याच्या आडनावासारखाच असतो, आडनाव ज्याचे त्याचा त्यावर काही ना काही हक्क असतो, असे आपण गृहीत धरून चालतो. ब्रिटिश किताबांचा कायदा असे मानत नाही. आडनाव मूळ पुरुषापासून खाली येते. किताब ज्याच्या नावे सनद निघाली त्याच्यापासून खाली येतो. मधल्या काळात घराणे कितीही फांद्यांनी वाढलेले असो, सनद एकाच फांदीला बांधलेली असते. ससून घराण्याच्या दोन सनदा शेजारी ठेवून वाचल्या की हा भेद जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

प्रथम बॅरोनेट या पदाविषयी थोडे, कारण आपल्याकडे 'सर' म्हटले की सगळे एकाच माळेत ओवले जातात. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे 'सर' हे त्यांचे स्वतःचे होते; ते त्यांच्याबरोबर संपले. नाइट या वर्गातील सर्वच किताब असे व्यक्तिगत असतात. बॅरोनेटचे 'सर' मात्र वंशपरंपरेने चालते. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६११ मध्ये हे पद निर्माण केले, आणि त्याचा हेतू अगदी रोखठोक होता. आयर्लंडमधील अल्स्टर प्रांतात सैन्य ठेवण्यासाठी त्याला पैसा हवा होता. तीस सैनिकांचा तीन वर्षांचा खर्च, म्हणजे १,०९५ पौंड, जो भरील त्याला हा किताब. राजसनदेचा उगम असा हिशेबाच्या वहीत आहे हे व्यापारी घराण्यांविषयी बोलताना विसरू नये. बॅरोनेट हा उमराव नव्हे. तो लॉर्डांच्या सभागृहात बसत नाही, कायद्याच्या दृष्टीने तो सामान्य प्रजाजनच राहतो. म्हणूनच सर एडवर्ड आणि सर फिलिप हे बापलेक एकामागोमाग एक कॉमन्स सभागृहात निवडून जाऊ शकले.

वारशाचा नियम असा, की किताब सामान्यतः पहिल्या धारकाच्या औरस पुरुष वंशजांकडेच जातो आणि एका वेळी एकाकडेच राहतो. आपल्याकडील वतनाच्या जशा भाऊबंदांत तक्षिमा पडत, तशा किताबाच्या पडत नाहीत. मुलीला तो मिळत नाही. दत्तकाला तर मुळीच नाही. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्य खालसा करण्यात आले, तेव्हा मराठी मनाला जो धक्का बसला त्याचे एक कारण असे असावे की, दत्तकाने वंश चालतो हे आपल्याला स्वयंसिद्ध वाटत आले होते. कंपनी सरकारचे राजकारण बाजूला ठेवले तरी, दत्तकाला बाहेर ठेवणारी वारशाची कल्पना ही राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या किताबांनाही लागू होती. पुत्र नाही म्हणजे किताब नाही.

आता ससून या नावाकडे वळू. हे मुळात आडनावच नव्हते. हिब्रू भाषेत या शब्दाचा अर्थ आनंद. बगदादच्या ज्यू समाजाचे पुढारी आणि तेथील पाशांचे खजिनदार शेख ससून बिन सालेह यांचे ते पाळण्यातले नाव होते. त्यांचा मुलगा डेव्हिड १७९२ मध्ये जन्मला. दाऊद पाशाच्या कारकिर्दीत जुलूम वाढला तेव्हा बापलेकांनी बगदाद सोडले आणि इराणच्या आखातावरील बुशहर गाठले. वृद्ध शेख तिथेच १८३० मध्ये वारले. पुढे डेव्हिड मुंबईत आला. येथे तो 'ससूनचा डेव्हिड' या अर्थाने डेव्हिड ससून होता. १८५३ मध्ये त्याने ब्रिटिश प्रजाजनत्व स्वीकारले, आणि त्या कागदावरही सही केली ती हिब्रूत.

बापाचे नाव आडनाव कसे झाले याची कथा त्याच्या मुलानातवंडांच्या नावांत लिहिलेली आहे. तिसऱ्या मुलाचे नाव पाहा : ससून डेव्हिड ससून. पहिला ससून हे त्याचे स्वतःचे, आजोबांवरून ठेवलेले नाव, मधले वडिलांचे, शेवटचा ससून मात्र आता आडनाव झालेला. इतर भावांतही रूबेन डेव्हिड, सॉलोमन डेव्हिड अशीच नावे. पुढच्या पिढीत जेकब एलायस ससून म्हणजे एलायसचा मुलगा जेकब, आणि डेव्हिड सॉलोमन ससून म्हणजे सॉलोमनचा मुलगा डेव्हिड. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही तीन पायऱ्यांची रचना मराठी वाचकाला सांगावी लागत नाही. आपल्या हजेरीपटावर ती रोज असते. आणि माझी चूक दुरुस्त करायला तीच उपयोगी पडली. एक एडवर्ड अल्बर्ट ससून, म्हणजे अल्बर्टचा मुलगा. दुसरा एडवर्ड एलायस ससून, म्हणजे एलायसचा मुलगा. इंग्रजी सूचीकारांना मधले नाव गाळण्याची खोड असते, आणि ते गाळले की दोन माणसांचा एक माणूस होतो. मधले नाव म्हणजे त्यांना शोभेचे दुसरे नाव वाटते. तो बाप आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही.

डेव्हिड ससूनला आठ मुलगे. पहिल्या पत्नीपासून अब्दुल्ला आणि एलायस, दुसरीपासून उरलेले सहा. पेढी कापसात होती आणि अफूतही होती. हे वाक्य असेच लिहावे लागते, कारण या घराण्याविषयी मराठीत जे लेखन आढळते त्यात दानधर्माचे पान मोठे आणि अफूचे पान बहुधा फाटलेले असते. हिंदुस्थानातील अफू चीनला पाठवण्याच्या व्यापारात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ससूनांच्या पेढ्या आघाडीवर होत्या. पुण्यातील रुग्णालय, मुंबईतील वाचनालय, गोदी, शाळा, प्रार्थनामंदिरे यांचा पैसा ज्या पेटीतून आला तिच्यात चीनमधील व्यसनाचाही पैसा होता. दान खोटे होते असे मला म्हणायचे नाही. रुग्णालयाच्या खाटेवर पडलेल्या माणसाला पैशाचा उगम विचारण्याची सवड नसते. इतिहास लिहिणाऱ्याला मात्र ती असली पाहिजे.

डेव्हिड १८६४ मध्ये पुण्यात वारला. पेढीची सूत्रे थोरल्या अब्दुल्लाकडे गेली. धाकट्या एलायसने तीन वर्षांत, १८६७ मध्ये, ई. डी. ससून आणि कंपनी ही स्वतंत्र पेढी काढली. भाऊबंदकी हा शब्द वापरण्याचा मोह होतो. तो आवरून एवढेच म्हणतो, की पुढे दोन सनदा निघाल्या त्या नेमक्या या चिरेच्या दोन बाजूंना. पेढी दुभंगली नसती तर किताब कदाचित एकच राहिला असता.

थोरल्या बाजूची सनद प्रथम. अब्दुल्लाचा पुढे अल्बर्ट झाला. १८७५ मध्ये पुरी झालेली ससून गोदी त्याची. प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीची आठवण म्हणून १८७९ मध्ये मुंबईत उभा राहिलेला अश्वारूढ पुतळा त्यानेच दिला. तो १९६५ मध्ये हलवून भायखळ्याला नेला, तरी त्या चौकाचे काळा घोडा हे नाव सुटले नाही. १८७२ मध्ये अल्बर्टला नाइट केले गेले. त्यानंतर तो इंग्लंडला स्थायिक झाला, आणि २२ मार्च १८९० रोजी त्याला बॅरोनेटपद मिळाले. सनदेत पदाशी गावाचे नाव जोडावे लागते, म्हणजे त्याच आडनावाचा दुसरा बॅरोनेट झाल्यास घोटाळा होऊ नये. अल्बर्टच्या सनदेत जोडले गेले ते केन्सिंग्टन गोअर, लंडनमधील त्याच्या घराचा रस्ता. नाव, पैसा, प्रतिष्ठा सारे ज्या शहराने दिले ते शहर सनदेतून गळाले. कुलचिन्हावर मात्र हिब्रू अक्षरे राहिली.

अल्बर्ट १८९६ मध्ये वारला. ब्रायटन येथे त्याने स्वतःसाठी पौर्वात्य घुमटाची समाधी बांधून ठेवली होती. तो आणि नंतर मुलगा एडवर्ड दोघेही तिथे विसावले. पुढे फिलिपने ती जागा विकली, अवशेष १९३३ मध्ये अन्यत्र हलवले गेले, आणि कालांतराने त्या घुमटाखाली चक्क मद्यालय सुरू झाले. त्याचे नाव काही काळ 'बॉम्बे बार' होते. सनदेतून गळालेले शहर असे मागच्या दाराने परत आले.

धाकट्या बाजूची सनद एकोणीस वर्षांनी निघाली. एलायसचा मुलगा जेकब याने मुंबईत कापडगिरण्या उभारल्या. फोर्टमधील १८८४चे केनेसेथ एलियाहू हे प्रार्थनामंदिर त्याने वडिलांच्या स्मरणार्थ बांधले. आज विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेलाही त्याने मोठी देणगी दिली. ९ फेब्रुवारी १९०९ रोजी तो बॅरोनेट झाला आणि त्याच्या सनदेत गाव आले ते मुंबई. जेकबला वारस मुलगा नव्हता. म्हणून सनदेतच तरतूद केली गेली की त्याच्या पश्चात किताब धाकट्या भावाकडे, एडवर्ड एलायसकडे, आणि त्याच्या पुरुष वंशजांकडे जावा. अशी खास तरतूद नसती तर १९१६ मध्ये जेकब गेला त्याच दिवशी किताबही गेला असता. भाऊ हा कायद्याने आपोआप वारस होत नाही. तो पहिल्या धारकाचा वंशज नसतो. सनदेतील एका कलमाने हा किताब आणखी पंचेचाळीस वर्षे जगवला.

१९०९ ते १९३९ ही तीस वर्षे ससून आडनावाचे दोन बॅरोनेट एकाच वेळी हयात होते. मी ज्यांची गल्लत केली ते दोन एडवर्ड मात्र एकाच वेळी बॅरोनेट नव्हते. पहिला १८९६ ते १९१२, दुसरा १९१६ ते १९२४. एवढीच काय ती मला सवलत.

ब्रिटिश आडनाव आणि ब्रिटिश किताब यांची सांगड मुंबईत सहज बसत नव्हती याचा सर्वांत बोलका पुरावा ससूनांच्या आधीचा आहे. जमशेटजी जीजीभॉय १८५७ मध्ये बॅरोनेट झाले. जीजीभॉय हे त्यांच्या वडिलांचे नाव. पारशी प्रथेने त्यांचा मुलगा खरशेटजी जमशेटजी झाला असता, नातवाचे मागचे नाव आणखी निराळे. म्हणजे किताब तोच, पण दर पिढीला आडनाव वेगळे. यावर १८६० मध्ये कायदाच केला गेला, की किताबाचा जो वारस होईल त्याने जमशेटजी जीजीभॉय हेच नाव धारण करावे. त्यामुळे दुसरे बॅरोनेट खरशेटजी यांना आपले नाव सोडून वडिलांचे संपूर्ण नाव घ्यावे लागले आणि पुढच्यांनाही तेच. पेटिट घराण्याच्या बॅरोनेटपदालाही अशीच अट होती. पहिल्या माणसाचे नाव पुढच्या सर्व माणसांवर चढले. चरित्रकोश चाळणाऱ्याची यातून होणारी त्रेधा वेगळी सांगायला नको. पण मला यात एक करुण भागही दिसतो. बापाचा मृत्यू आणि स्वतःच्या नावाचा मृत्यू एकाच दिवशी यावा, ही गोष्ट कायद्याच्या भाषेत साधी वाटली तरी माणसाच्या दृष्टीने साधी नव्हे.

ससूनांना असा कायदा लागला नाही, कारण त्यांच्या घरात बापाच्या नावाचे आडनाव आधीच झाले होते. अर्थात हे झाले एका घरात. त्यांच्याच नातेगोत्यातील ससून जेकब डेव्हिड हे मुंबईतील आणखी एक धनिक ज्यू गृहस्थ, बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक. १९११ मध्ये तेही मुंबईचे बॅरोनेट झाले, पण त्यांचा किताब ससून नव्हे, डेव्हिड. इथे ससून हे नाव आणि डेव्हिड हे आडनाव. तिकडे डेव्हिड हे नाव आणि ससून हे आडनाव. त्यांचे पुत्र सर पर्सिव्हल डेव्हिड यांनी जमवलेली चिनी मातीच्या भांड्यांची अपूर्व संपदा २००९पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यांच्याबरोबर १९६४ मध्ये तोही किताब संपला. सूची करणाऱ्यांनी या सर्वांपुढे हात जोडावेत.

आता पुन्हा ज्याच्यामुळे हे सारे सुरू झाले त्या कवीकडे. डेव्हिड ससूनचा तिसरा मुलगा ससून डेव्हिड हा भावांमध्ये सर्वांआधी, १८५८ मध्ये, लंडनला गेला. त्याचा मुलगा अल्फ्रेड. त्याने ज्यू समाजाबाहेर, थॉर्नीक्रॉफ्ट या शिल्पकारांच्या घराण्यातील थेरेसाशी लग्न केले आणि आईने त्याच्याशी संबंध तोडला. त्यांचा मुलगा सीगफ्रीड १८८६ मध्ये केंट परगण्यात जन्मला. वाग्नरच्या संगीतनाट्यावरून आईने ठेवलेले हे जर्मन नाव आणि बगदादचे आडनाव घेऊन तो इंग्रज शेतघरांच्या, घोड्यांच्या आणि क्रिकेटच्या जगात वाढला. दोन्ही किताबांशी त्याचा कायदेशीर संबंध शून्य. त्याचा आजोबा अल्बर्टचा सावत्र भाऊ होता, आणि अल्बर्टच्या सनदेला अल्बर्टचे भाऊ ठाऊक नव्हते.

फिलिप आणि सीगफ्रीड या दोघांचाही पणजोबा डेव्हिड. फिलिपचा जन्म १८८८चा, पॅरिसचा. आई रॉथ्सचाइल्ड घराण्यातली. वडील एडवर्ड १९१२ मध्ये वारले तेव्हा किताब आणि हाइथ मतदारसंघाची कॉमन्समधील जागा दोन्ही त्याच्याकडे आले. पैकी किताब वारशाने, जागा निवडणुकीने, पण बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळू नये इतक्या सहजतेने. महायुद्धात तो फ्रान्समधील ब्रिटिश सेनापती सर डग्लस हेग यांचा खासगी चिटणीस झाला. त्याच वर्षांत त्याच फ्रान्समध्ये सीगफ्रीड खंदकात होता. शौर्याबद्दल १९१६ मध्ये त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. १९१७ मध्ये त्याने युद्ध मुद्दाम लांबवले जात आहे असे जाहीर निवेदन काढून पुढे लढण्यास नकार दिला. ते निवेदन ३० जुलै १९१७ रोजी कॉमन्स सभागृहात वाचून दाखवण्यात आले. ज्या सभागृहाचा सर फिलिप सभासद होता त्याच सभागृहात. सीगफ्रीडवर खटला झाला नाही. त्याला मनोविकाराचा रुग्ण ठरवून एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात पाठवले गेले आणि तिथे त्याला विल्फ्रेड ओएन भेटला. पुढचे आपल्या अभ्यासक्रमात आहे.

सेनापतींच्या निश्चिंत सौजन्यावर सीगफ्रीडने जी जहरी उपहासिका लिहिली ती शिकवताना मला आता हटकून वाटते, की त्या सेनापतींच्या कचेरीतल्या टेबलाशी त्याचे स्वतःचे आडनाव बसलेले होते. समीक्षेला याचा उपयोग किती, हा प्रश्न योग्य आहे. कवितेचा अर्थ वंशावळीतून काढू नये हे मीही वर्गात सांगतो. तरी वर्ग, संपत्ती आणि परकेपणा यांचा जो ताण त्याच्या आत्मचरित्रात्मक गद्यात जाणवतो, तो समजून घेताना एका आडनावाची ही दोन टोके विसरता येत नाहीत.

सनदेला ज्या माणसांशी कर्तव्य नव्हते त्यांत घराण्यातील सर्व स्त्रियाही आल्या, आणि कर्तृत्व मोजायचे तर हिशेब उलटा होतो. सीगफ्रीडची आत्या रेचल १८५८ मध्ये मुंबईत जन्मली. लग्नानंतर रेचल बीअर झाली. 'द ऑब्झर्व्हर' आणि 'द संडे टाइम्स' या दोन्ही लंडनच्या वृत्तपत्रांचे संपादन तिने केले, त्या काळात जेव्हा ब्रिटनमध्ये स्त्रियांना मतदानाचाही हक्क नव्हता. ड्रेफस प्रकरणात एस्टरहाझीचा कबुलीजबाब १८९८ मध्ये तिच्याच 'ऑब्झर्व्हर'ने छापला. तिने ठेवलेल्या वारशामुळे सीगफ्रीडला हेट्सबरीचे घर घेता आले. म्हणजे कवीपर्यंत घराण्याचे जे काही पोचले त्यातला मोठा वाटा आत्याकडून आला. दुसरी फ्लोरा, सॉलोमनची पत्नी. पती १८९४ मध्ये वारल्यावर तिने मुंबईतील पेढीचा कारभार हाती घेतला, हाफकिन यांच्या लसीच्या कार्याला पाठबळ दिले, आणि १९०१ मध्ये ती लंडनला गेली. हिब्रू विद्येत तिचा अधिकार मानला जाई. यांपैकी कोणीही किताबाच्या वंशावळीत स्वतःच्या ओळीवर नाही.

जून १९३९ मध्ये सर फिलिप अविवाहित वारला. तेव्हा व्हिक्टर हयात होता, मुंबईच्या किताबाचा तिसरा धारक, १९२४ पासून. तो डेव्हिडच्याच दुसऱ्या मुलाचा नातू, पुरुषपरंपरेने अगदी जवळचा. फिलिपचा किताब त्याच्याकडे गेला नाही. जाऊच शकत नव्हता. तो अल्बर्टचा वंशज नव्हता. फिलिपची बहीण सिबिल पुढे पन्नास वर्षे जगली. त्याच्या कलासंग्रहातील बरेच काही तिच्याकडे गेले, किताब तिच्याकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. केन्सिंग्टन गोअरची बॅरोनेटी एकोणपन्नास वर्षांनी संपली. हीच सनद १८९० ऐवजी एक पिढी आधी खुद्द डेव्हिडला मिळाली असती तर? तर १९३९ मध्ये ती व्हिक्टरकडे आली असती आणि १९६१ मध्ये त्याच्या पश्चात तिसऱ्या मुलाच्या, म्हणजे कवीच्याच शाखेकडे वळली असती. सीगफ्रीड १९६७पर्यंत होता. 'जर-तर'चा इतिहास लिहू नये हे मान्य, पण येथे तो नियम स्पष्ट करायला कामी येतो.

व्हिक्टरवर स्वतंत्र लेख व्हावा. हिंदुस्थानच्या मध्यवर्ती कायदेमंडळात तो सभासद होता. १९२९ मध्ये नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनवरही होता. त्या कमिशनवर गिरणीमालक सर व्हिक्टर आणि कामगारांचे नेते नारायण मल्हार जोशी हे एकाच टेबलाशी बसले होते, ही गोष्ट मराठी वाचकांना माहीत असायला हवी. पुढे त्याने भांडवल आणि मुक्काम दोन्ही शांघायला हलवले, तिथे नदीकाठी आलिशान कॅथे हॉटेल उभारले, आणि साम्यवादी राजवट आल्यावर तेही हातचे गेले. उरली घोड्यांची शर्यत. १९५३ ते १९६० या काळात त्याच्या घोड्यांनी चार वेळा डर्बी जिंकली. १९५९ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, त्याने आपल्या परिचारिकेशी लग्न केले आणि १९६१ मध्ये बहामा बेटांवर तो निपुत्रिक वारला. मुंबईची बॅरोनेटी मुंबईपासून इतक्या दूर संपली.

पुढच्या तासाला मी वर्गात चूक कबूल केली आणि फळ्यावर वंशावळ काढायला घेतली. डेव्हिडला मधोमध वर लिहिले, त्याच्या नावाआधी 'सर' नाही हे पाहून एका विद्यार्थिनीने विचारले, "मग हॉस्पिटल यांचेच ना?" होय, त्यांचेच. इमारत त्यांच्या मृत्यूनंतर, १८६७ मध्ये पुरी झाली. ते स्वतः पुण्यातच लाल देवळाच्या आवारात आहेत. त्यांना किताब कधी मिळाला नाही. डाव्या हाताला अल्बर्टची ओळ, शेजारी एलायसची, प्रत्येकी एक एडवर्ड, मधल्या नावांखाली दोन रेघा. सीगफ्रीडपर्यंत येईतो फळा संपत आला होता. त्याचे नाव चौकटीला चिकटून, बारीक अक्षरांत लिहावे लागले. मग वंशावळ तशीच ठेवून आम्ही कविता वाचायला घेतली.